देवभात ओळखायचं कसं, राखायचं कसं : बेळगाव-खानापूरच्या तळ्यांसाठी

सुगीत शिवारातलं भात कापून खळ्यावर जातं, तरी तळ्याच्या काठाला आणि ओढ्याच्या संथ डोहात भातासारखंच एक गवत हिरवं उभं असतं. लोंबी विरळ, कुसळं लांब आणि लालसर, दाणे हात लावला की गळणारे. मराठीत त्याला देवभात म्हणतात. आपण पिकवतो त्या भाताचा हा रानटी पूर्वज. शास्त्रीय नाव ओरायझा रुफिपोगॉन. त्याचा वर्षभरात आटोपणारा जवळचा भाऊबंद म्हणजे ओरायझा निवारा.

जगाच्या हिशेबात ही गवतं अजून संपायला आलेली नाहीत. पण आपल्या भागात ज्या पाण्यात ती वाढतात ते पाणीच आटत चाललं आहे. तळ्यांचे काठ सरळ कापले जातात, पाणथळ जागा भरावाखाली जातात, बळ्ळारी नाल्यासारख्या प्रवाहांत शहराचं सांडपाणी उतरतं. गावातलं एक तळं बुजलं की तिथलं देवभात संपतं, आणि शेजारच्या गावातलं आणून लावलं तरी ते तेच नसतं.

या गवताची किंमत भातशेतीला ठाऊक आहे. 1970 च्या दशकात आशियातल्या भाताला खुजेपणा आणणाऱ्या एका विषाणू रोगाने ग्रासलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले, आणि प्रतिकारशक्ती सापडली ती भारतातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराच्या एका नमुन्यात. गुरुदेव खुश यांच्या चमूने ती आयआर 36 सारख्या वाणांत उतरवली. चीनमध्ये संकरित भाताचा पाया ठरलेलं नर-वंध्य, म्हणजे ज्याचा पराग फळत नाही असं, रोपसुद्धा 1970 मध्ये हैनान बेटावरच्या रानभातातच मिळालं. तेव्हा आपल्या काठावरच्या गवतात काय दडलंय हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच ते जागेवर टिकलं पाहिजे.

मात्र राखायला घाई करू नका. आधी ओळख पक्की करा. बहुवर्षी जातीला, म्हणजे रुफिपोगॉनला, जे लागतं ते एका वर्षात संपणाऱ्या वर्षायू जातीला, म्हणजे निवाराला, लागत नाही. आणि शेतातल्या भाताशी मिसळून झालेली भेसळ जर देवभात समजून राखली, तर शेतकऱ्याच्या डोक्याला ताप वाढवल्यासारखं होईल. या लेखातला निम्म्याहून जास्त भाग ओळखीवर आहे, तो त्यासाठीच.

कधी जायचं, कुठे बघायचं

एका फेरीत हे काम होत नाही. निदान चार वेळा त्याच जागी जावं लागतं: श्रावण-भाद्रपदात पान आणि खोड बघायला, आश्विन-कार्तिकात फुलोऱ्याला, मार्गशीर्षाच्या सुमाराला दाण्याला, आणि माघ-फाल्गुनात पाणी उतरल्यावर मागे काय उरलं ते बघायला. ही शेवटची फेरी लोक हमखास टाळतात, कारण तेव्हा बघण्यासारखं काही दिसत नाही. ती टाळू नका. बहुवर्षी की वर्षायू याचं सगळ्यात खात्रीचं उत्तर तेव्हाच मिळतं.

जागा शोधताना भातपट्टा धरून चाला. खानापूर तालुक्यातली जुनी गावतळी, मलप्रभेच्या वरच्या भागातले संथ ओढे, बेळगावजवळचं मार्कंडेय नदीचं खोरं, येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या सखल शिवारातल्या चरी, तसंच उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-जोयड्याकडची तळी. पाणी स्वच्छ, संथ आणि एका बाजूला उतरता काठ असलेलं हवं. उभ्या दगडी बांधाच्या तळ्यात ते सहसा टिकत नाही. जांभ्या सड्यावरच्या पावसाळी डबक्यांत वेगळीच गवतं असतात. ती बघण्यासारखी आहेत, पण देवभातासाठी आधी चिखलाच्या तळाचं पाणी बघा.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं किंवा तिथून काही घ्यायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. बाकी ठिकाणीही तळ्याशेजारच्या शेतकऱ्याला विचारूनच उतरा. एकट्याने पाण्यात जाऊ नका, आणि पुढे पाऊल टाकण्याआधी काठीने चिखलाची खोली बघा.

गावातल्या जाणत्या माणसांना विचारणं हा तपासाचाच भाग आहे. "मामा, ह्येला तुमच्यात काय म्हणत्यात?" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या तळ्यात पूर्वी होतं, म्हशी खातात का, भांगलणीत बायका ते कशावरून ओळखतात, हे विचारा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा रिवाज आहे. तेव्हा घरातल्या आजींना विचारा, "आजी, नांगर न लागलेलं कुठलं धान्य तुम्ही त्या दिवसाला ठेवत होता?" त्यातून कधी कधी बुजलेल्या तळ्याचा पत्ता लागतो. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही नाव घ्या. सरकारी कागदावर तेच उपयोगी पडतं.

भातासारख्या दिसणाऱ्या गवतांतून वेगळं काढणं

फुलोरा नसताना नजर खोडाच्या सांध्यावर हवी, म्हणजे पानाचं पातं खोडाच्या वेष्टनातून बाहेर वळतं त्या जागी. तिथे एक पातळ पांढरट पडदा असतो, त्याला जिव्हिका म्हणतात. देवभाताच्या खालच्या पानांवर तो चांगला लांब असतो, टोकदार आणि बहुधा दोन फाकांत चिरलेला. बहुवर्षी जातीत एक-दोन सेंटीमीटर सहज भरतो, कधी त्याहूनही मोठा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना केसाळ कानांसारख्या बारीक कर्णिका दिसतात. शेतात तण म्हणून येणाऱ्या पाखडीला, म्हणजे एकायनोक्लोआला, हा पडदाच नसतो. सांधा गुळगुळीत, मोकळा. भांगलणीला सरावलेली बाई न बघता बोटाने हा फरक ओळखते.

दुसरं फसवं गवत म्हणजे लीर्सिया हेक्झांड्रा. पाण्याच्या काठाला दाट गालिचा करतं, पान भातासारखं पण अरुंद आणि खरखरीत. त्याची जिव्हिका आखूड आणि बोथट असते. फुलोरा आला की गोष्ट सोपी होते. देवभाताच्या प्रत्येक दाण्याच्या बुडाशी दोन बारीक खवले असतात, लीर्सियाच्या दाण्याला ते नसतात, आणि त्याला कुसळही नसतं. पाण्यावर तरंगणारं, फुगीर वेष्टनाचं हायग्रोरायझा अरिस्टाटा लांबून भातासारखं वाटतं, पण त्याची पानं आखूड आणि रुंद, आणि ते सगळंच्या सगळं पाण्याच्या पृष्ठभागावर पसरलेलं असतं.

आता एक दाणा हातावर घ्या आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. हे भिंग स्वस्तात मिळतं, ते गळ्यातच असू द्या. तुसाच्या पृष्ठभागावर चौकटीसारख्या ओळीत बसवलेले बारीक उंचवटे दिसतील. ही भातकुळीची खूण. कुसळावरचे काटे एकाच दिशेने, टोकाकडे झुकलेले असतात. बोट बुडाकडून टोकाकडे फिरवलं तर सरकतं, उलट फिरवलं तर अडतं. गळालेला दाणा हलला की बुडाकडून पुढे सरकतो, मागे येत नाही, आणि असाच हळूहळू चिखलात रुततो. सकाळी फूल उघडल्यावर त्यात सहा पुंकेसर मोजा. बहुतेक गवतांत तीनच असतात.

बहुवर्षी की वर्षायू

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ओरायझा रुफिपोगॉन बारमाही ओलीत राहतं. खोड लांब, खोल पाण्यात तरंगत वाढणारं, पाण्यातल्या पेरांना मुळं फुटलेली. फुलोरा उशिरा, दिवस लहान झाल्यावर. लोंबी मोकळी, दाणा सडपातळ. बी कमी धरतं, कारण त्याचा भर परपरागीभवनावर आणि पेरापासून नवं रोप फुटण्यावर असतो. ओरायझा निवारा हंगामी डबक्यांचं गवत. उंची कमी, ठोंब आवळ, फुलोरा लवकर, लोंबी घट्ट, दाणा रुंद, कुसळ जाड आणि लांब. ते बहुतांश स्वतःच्याच परागाने फळतं, भरपूर बी देतं आणि पाणी आटल्यावर मरतं.

वर्णनं वाचून मन डळमळतं, म्हणून मोजमाप घ्या. सगळ्यात उपयोगी माप परागकोषाचं. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फुलं उघडतात. फुटण्याच्या बेतात असलेल्या फुलातून परागकोष चिमट्याने काढा, आलेख कागदावर ठेवा आणि भिंगातून लांबी वाचा. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त भरला तर कल बहुवर्षी रुफिपोगॉनकडे. 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर निवाराकडे. मधलं माप आलं तर निर्णय राखून ठेवा, बाकीच्या खुणा जमवा. एका फुलावर विसंबू नका. एकमेकांपासून लांब असलेल्या दहाएक ठोंबांतून, प्रत्येकाची दोन-तीन फुलं मोजा. उन्हात परागकोष लगेच सुकून आकसतो, तेव्हा मोजणी काठावरच उरका.

मग माघ-फाल्गुनातली फेरी. पाणी उतरल्यावर जुन्या खोडाच्या पेरांतून हिरवे फुटवे निघताना दिसले तर ते बहुवर्षी. सगळं वाळून पिंजर झालेलं आणि चिखलात फक्त कुसळं रुतलेली दिसली तर वर्षायू. तळ्याच्या खोल भागात एक आणि उथळ कडेला दुसरं, असंही एकाच तळ्यात असू शकतं. तेव्हा काठापासून आत जाणारी एक दोरी टाका आणि दर दोन मीटरवर पाण्याची खोली आणि तिथल्या ठोंबाच्या खुणा लिहा.

निवारा ही वेगळी जात म्हणून 1965 मध्ये शर्मा आणि शास्त्री यांनी मांडली. आजही काही अभ्यासक तिला रुफिपोगॉनचंच हंगामी रूप मानतात. दोन्हींत गुणसूत्रं 24, जनुकसंचही तोच, आणि लागवडीच्या भाताशी दोन्हींचा संकर सहज होतो. नोंदवहीत नाव लिहिताना हा वाद सोडवायची गरज नाही. परागकोषाची लांबी, आयुष्याचा क्रम आणि पाण्याची खोली लिहून ठेवा. नाव उद्या बदललं तरी तुमची नोंद कामाची राहील.

भेसळ ओळखणं

भातशेतीच्या मधोमध वाढणाऱ्या देवभाताला सगळ्यात मोठा धोका शेजारच्या भाताच्या परागापासून असतो. पिढ्यान् पिढ्या पराग येत राहिला की रानटी गुण पातळ होतात. उलट बाजूने शेतात तणभात तयार होतं. ते भातासारखंच दिसतं, पण पिकण्याआधी दाणे झाडून टाकतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. छत्तीसगडमध्ये त्याला करगा म्हणतात. तिथल्या शेतकऱ्यांना ते रोपाच्या अवस्थेतच वेगळं ओळखता यावं म्हणून जांभळ्या पानाचा श्यामला हा वाण काढला गेला.

तळ्यातल्या गवतात भेसळ आहे का हे बघायला एकेका झाडाकडे न बघता सगळ्या झाडोऱ्याकडे बघा. शुद्ध देवभाताच्या थव्यात बरीचशी एकसारखी झाडं असतात: कुसळ सगळ्यांना, पिकलेलं तूस काळपट किंवा गडद तपकिरी, सोललेला तांदूळ लालसर. जिथे काही झाडांना लांब कुसळ, काहींना आखूड, काहींना अजिबात नाही, काही दाणे पिवळे, काही काळे, तांदूळ कुठे पांढरा कुठे लाल असा मेळ दिसतो, तिथे भेसळ धरा. पिकलेली लोंबी हलकेच मुठीत धरून सोडा. शुद्ध देवभाताचे पिकलेले दाणे हातात उतरतात. तुटलेल्या दाण्याचं बूड भिंगाखाली बघा: रानटी दाण्याचं बूड गुळगुळीत आणि गोल, लागवडीच्या भाताचं ओरबाडलेलं. काही उतरले, काही चिकटून राहिले, बुडांचे दोन्ही प्रकार मिसळले, तर संकराचा संशय घ्या.

तळ्याच्या कोणत्या बाजूला भेसळ जास्त आहे तेही नकाशावर टाका. बहुधा ती बांधाला लागून असलेल्या कडेला असते, आणि आतल्या, शेतापासून लांबच्या ठोंबांत कमी. राखायचं बी आणि कांड्या त्याच आतल्या ठोंबांतून घ्यायच्या असतात.

नमुना वाळवणं आणि नोंद

वाळवलेल्या नमुन्याशिवाय ओळख दुसऱ्याला पटवता येत नाही. फोटो पूरक, पण जिव्हिका, खवले, मूळ हे फोटोत पुन्हा तपासता येत नाही. वीसपेक्षा जास्त ठोंब असतील तरच एक उपटा. कमी असतील तर एक फुटवा आणि एक लोंबी पुरे.

चिखल धुऊन मुळांसकट रोप घ्या. उंच खोड तोडू नका, वर्तमानपत्राच्या घडीत बसेल असं नागमोडी दुमडा. पिकत आलेले दाणे वाळताना गळतातच, म्हणून लोंबीवर आधी कागदी पाकीट चढवा आणि ते नमुन्यासोबतच ठेवा. पाण्यातलं गवत असल्यामुळे पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. वर सपाट फळी आणि वजन. पावसाळ्यात चुलीच्या वरच्या उबदार फडताळावर ठेवा, धुरात नको. पूर्वी नमुन्यांना लावायचे ते पाऱ्याचं विष घरी कधीच वापरू नका. कोरडी जागा आणि डांबरगोळ्या पुरतात.

नोंद त्याच दिवशी लिहा. एक नमुना देतो, त्यातली माहिती फक्त मांडणी कळावी म्हणून आहे:

"खानापूर तालुका, गावतळ्याची पूर्व कड, अक्षांश-रेखांश फोनवरून. पाणी 60 सेंमी, तळ काळा चिखल, सोबत कमळ आणि लव्हाळा. खोड पाण्यात तरंगतं, पेरांना मुळं. परागकोष 4 ते 5 मिमी, दहा ठोंब मोजले. कुसळ लालसर. सर्वात जवळचं भातशेत उत्तरेला 30 मीटर, तेही त्याच आठवड्यात निसवलेलं. स्थानिक नाव देवभात, सांगणारी व्यक्ती वयस्कर शेतकरी, नाव देऊ नका म्हणाले."

शेतापासूनचं अंतर आणि शेतातलं भात कधी निसवलं, म्हणजे लोंबी कधी बाहेर पडली, ह्या दोन ओळी सहसा कुणी लिहीत नाही. भेसळीचा हिशेब त्याच दोन ओळींवर उभा राहतो.

नमुन्याच्या किमान दोन प्रती करा. एक बेळगावातल्या राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थेच्या किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात देण्याचा प्रयत्न करा, दुसरी पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची गवतांवरची परंपरा मोठी आहे. पाठवण्याआधी तिथल्या प्रमुखांना पत्र लिहून विचारा.

जुने नमुने बघायला जाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणून इथले जुने नमुने बेंगळुरूपेक्षा पुण्यात आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर संग्रहात शोधणं जास्त फलदायी. आणि फक्त रुफिपोगॉन या नावाखाली बघू नका. जुन्या अभ्यासकांनी रानभाताला ओरायझा सटायव्हाचाच, म्हणजे लागवडीच्या भाताचाच, प्रकार मानून फॅच्युआ हे नाव दिलं होतं, काहींनी पेरेनिस लिहिलं. निवारा हे नाव तर 1965 च्या आधीच्या चिठ्ठीवर असणारच नाही. सटायव्हाच्या पुडक्यात कुसळवाला, तळ्याकाठचा नमुना सापडला की चिठ्ठीवरचं गाव आणि तारीख उतरवून घ्या आणि त्या जागी आज काय आहे ते जाऊन बघा.

जागेवर राखणं

देवभाताला हवा असतो उतरता, उथळ काठ. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा, उन्हाळ्यात उघडा पडणारा. तळ्याचं सुशोभीकरण म्हणून काठ सरळ कापून दगडी पिचिंग केलं की देवभाताची जागा एका उन्हाळ्यात संपते, मग पाणी कितीही स्वच्छ असो. पंचायतीत बोलताना मागणी नेमकी ठेवा: ज्या बाजूला देवभात आहे त्या बाजूला यंत्र उतरवू नये, तिथला काठ मातीचाच, उतरताच राहू द्यावा.

गाळ काढणं हा दुसरा प्रसंग. गाळ काढायलाच हवा, नाहीतर तळं भरून जातं आणि देवभातही जातं. पण सगळं तळं एकाच उन्हाळ्यात खरवडलं तर चिखलातलं बी आणि जिवंत पेरं ट्रॉलीतून शेतात जातात. तळ्याचे तीन भाग करा आणि एका वर्षी एकच भाग काढा. देवभाताच्या पट्ट्याला शेवटी हात लावा, तोही वरचा थोडाच गाळ, आणि तिथला गाळ भातशेतात टाकू देऊ नका. तो नाचणी, भाजीपाला किंवा बागेत जाऊ दे. भातशेतात गेला तर त्यातलं बी पुढच्या वर्षी तण म्हणून उगवेल आणि शेतकरी तुमच्या कामाच्या विरोधात जाईल. त्याचं बरोबरही असेल.

म्हशींचं काय? त्यांना हे गवत आवडतं. बारमाही बंदी घातली तर गाव नाराज होतं, आणि थोड्या चरण्याने दुसरी दांडगी गवतंही आटोक्यात राहतात. फुलोऱ्यापासून दाणे गळेपर्यंतचे दोन-अडीच महिने तेवढा पट्टा दोरीने किंवा काटेरी झुडपांनी आडवा. पोटरीत आलेलं गवत खाल्लं गेलं तर त्या वर्षीचं बी गेलंच.

जलपर्णी आणि बेशरम हाताने काढा, तणनाशक मारू नका. भातकुळीतलं गवत वाचवून बाकीचं मारेल असं औषध तळ्यात टाकणं म्हणजे मासे, बेडूक, म्हशी सगळ्यांशी खेळ. पाणकणीस मुळासकट उपटावं लागतं आणि ते दर वर्षी करावं लागतं. सांडपाण्याचा नाला तळ्यात येत असेल तर आधी तो वळवा. खताळलेल्या पाण्यात जलपर्णी आणि पाणकणीस देवभाताला दाबून टाकतात.

परागाचा प्रश्न शेजारच्या शेतकऱ्याच्या मदतीशिवाय सुटत नाही. भाताचे परागकण थोडा वेळच जिवंत राहतात, आणि बहुतेक काही मीटरच्या आतच पडतात. म्हणजे तळ्याला लागून असलेली एक-दोन वावरं महत्त्वाची, सगळं शिवार नाही. त्या वावरांत लवकर निसवणारं भात घेतलं तर देवभात फुलायच्या आत शेतातलं फुलून जातं. किंवा तळ्याकडच्या बांधालगत काही ओळी दुसऱ्या पिकाच्या घ्याव्यात. शेतकऱ्याला हे समजावताना त्याचा फायदाही सांगा: त्याच्या शेतात तणभात कमी येईल.

बी आणि रोपांचा जामीन

जागेवरचं जतन पहिलं, पण एखाद्या वर्षी तळंच आटलं तर हाताशी काही असावं. बहुवर्षी जातीच्या कांड्या घ्या, प्रत्येक कांडीवर दोन-तीन मुळं फुटलेली पेरं. एकाच बेटातल्या दहा कांड्या म्हणजे एकाच झाडाच्या दहा प्रती, म्हणून एकमेकांपासून पाच-सहा मीटर लांबच्या ठोंबांतून एकेक घ्या. सिमेंटच्या टाकीत किंवा मोठ्या टबात तळ्याचाच चिखल घालून लावा, वर वीतभर पाणी ठेवा, प्रत्येक कुंडीवर मूळ ठोंबाचा क्रमांक लिहा. टब भातशेताच्या जवळ ठेवू नका आणि लोंब्या आल्या की मलमलच्या पिशव्या बांधा. एकही दाणा बाहेर पडता कामा नये.

बियांसाठी पिशवी आधी बांधावी लागते, कारण दाणे टप्प्याटप्प्याने पिकतात आणि रोज गळतात. दूध भरून दाणा कडक व्हायला लागला की लोंबीवर पिशवी चढवा, तळाशी दोऱ्याने आवळा, दोन-तीन आठवड्यांनी काढा. जास्तीत जास्त ठोंबांतून थोडं थोडं घ्या, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नेऊ नका. उरलेलं तळ्याचं आहे.

पळींज, म्हणजे पोकळ दाणे, काढून टाका. बी सावलीत वाळवा, मग हवाबंद बरणीत सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा. दाणा दाताखाली कटकन तुटला की बरणी बंद करून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. ओलावा एक टक्क्याने कमी केला तर बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून थंडपणाइतकंच वाळवणं महत्त्वाचं.

ताजं बी पेरून उगवलं नाही तर ते मेलं असं समजू नका. देवभाताच्या बियांत खोल सुप्तावस्था असते. काही महिने कोरडं ठेवून मग तूस अलगद सोलून ओल्या कागदावर ठेवा. प्रयोगशाळेत 50 अंश सेल्सियसला पाच-सात दिवस ठेवून ही सुप्तावस्था मोडतात.

घरचा साठा हा तात्पुरता. कायमस्वरूपी ठेव दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत, जिथे बी उणे 18 अंशाला ठेवतात. तिथवर पोहोचायला धारवाडच्या कृषी विद्यापीठाची वाट सोयीची, कारण धारवाडजवळ मुगद इथे त्यांचं भात संशोधन केंद्र आहे. बियांसोबत नमुन्याचा क्रमांक आणि पूर्ण नोंद द्या. जागेची माहिती नसलेलं बी कुणाच्याही फारसं कामाचं नसतं.

कागदावर आणणं

पाणथळ जागांचे 2017 चे नियम आपल्या गावतळ्याला संरक्षण देतील अशी आशा बाळगू नका. सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी आणि भातशेतं त्यातून वगळलेली आहेत. जास्त उपयोगी वाट 2002 च्या जैवविविधता कायद्याची. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. आधी पंचायतीकडून समिती खरोखर कामात आहे का, नोंदवही कुठे आहे हे विचारा. मग देवभाताची नोंद घालण्यासाठी लेखी अर्ज करा: शास्त्रीय नाव, मराठी आणि कन्नड नाव, तळ्याचा सर्व्हे नंबर, नमुन्याचा क्रमांक, काय धोका आहे आणि काय करायला हवं. अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत जोडा, आणि पोच घ्या. भाषेवरून कागद अडकून पडला तर त्यात तळ्याचाच उन्हाळा वाया जातो.

तळं कुणाच्या ताब्यात आहे ते उताऱ्यावर बघा. पंचायत, महसूल आणि लघुपाटबंधारे ह्यांतल्या ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच गाळ आणि पिचिंगचा निर्णय होतो. उन्हाळी कामांचा आराखडा आधीच ठरतो, म्हणून तुमचं पत्र दिवाळीच्या सुमारास तिथे पोहोचलेलं असावं. मार्चमध्ये यंत्र काठावर उभं राहिल्यावर पत्राचा उपयोग होत नाही.

नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. तालुक्यापर्यंत सांगा, बाकी संग्रहालयाच्या चिठ्ठीवर असू द्या. कुणी परदेशी संस्था किंवा बियाणे कंपनी बी मागायला आली तर ते तसंच देता येत नाही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची किंवा राज्य जैवविविधता मंडळाची प्रक्रिया आहे, आणि मागणाऱ्याला तिकडेच पाठवा.

दुसऱ्या वर्षी त्याच दोरीवर, त्याच दोन-दोन मीटरच्या खुणांवर पुन्हा ठोंब मोजा आणि परागकोष मोजा. ठोंब कमी झाले तर पाणी, चरणं आणि गाळ या क्रमाने कारण शोधा. ठोंब तेवढेच आहेत पण बिनकुसळाची झाडं वाढलीत, तर शेजारच्या वावरात कोणतं भात लावलं होतं आणि ते कधी निसवलं, हे शेतकऱ्याला विचारून नोंदवहीत लिहा आणि पुढच्या मृगाच्या आधी त्याच्याशी बसून पेरणी ठरवा.